दूध कट्टा, गंगावेश: धारोष्णाला साडेचार स्टार, ट्रम्पतात्याच्या टॅरिफला भोपळा

आधी कामाचं सांगतो, म्हणजे ज्याला नुसतं दूध प्यायचंय त्यानं एवढं वाचून गाडीला किक मारावी. कोल्हापुरात गंगावेशीकडं दिवेलागणीनंतर कट्ट्याला म्हशी येऊन उभ्या राहतात. आपण जायचं, 'मामा एक मोठा' म्हणायचं, मामा कास धुणार, पहिली धार जमिनीवर सोडणार आणि मग पेला खाली धरून तुमच्या डोळ्यासमोर भरून देणार. फेस काठाच्या वर, दूध कोमट, साखर पाहिजे असेल तर आधी सांगायची कारण नंतर घालून ढवळलं की फेस बसतो. पन्नासची नोट दिली की सुट्टे परत येतात. कुठल्या मामांचा कट्टा ते लिहीत नाही, त्यांनीच बजावलंय, नाव टाकू नगा, रील काढणारी पोरं येत्यात आणि म्हस बुजती.

पुढं वाचणार असाल तर आधीच सांगून ठेवतो, यात ट्रम्पतात्या आहे, आयफोन आहे, वॉलमार्ट आहे. दुधाच्या रिव्ह्यूत हे कशाला असं वाटलं तर ऐका, २०२५ च्या अखेरीला कट्ट्यावर दुसरा विषयच नव्हता ओ. पूर्वी इथं कुस्ती आणि कोण कुठल्या पक्षात गेला एवढंच चालायचं. त्या ऑगस्टपासून अमेरिकेत जाणाऱ्या आपल्या मालावर टॅरिफ, म्हणजे आयातकर, सुरू झालं ते डिसेंबर आला तरी संपेना, आणि भारत-अमेरिकेच्या व्यापार कराराचं जे घोडं अडलं होतं त्यातला एक मोठा खुंटा दूधच होतं, मग दूध पिताना त्यावर बोलायचं नाही तर कधी बोलायचं.

पण आधी म्हस. पंढरपुरी जातीची आहे, शिंगं मागं पार खांद्याच्या पुढं गेलेली, त्यामुळं गर्दीत तिच्या तोंडाच्या बाजूला उभं राहायचं नाही, तिनं माशी हाकलायला मान फिरवली की तुमचा शर्ट गेला. ही जात मुऱ्हा जातीच्या म्हशीएवढं दूध देत नाही पण पान्हा सोडायला नखरे करत नाही, थोड्या थोड्या वेळानं धार काढली तरी देते, म्हणून तर हा धंदा चालतो, दुसरी कुठली म्हस असती तर तिसऱ्या गिऱ्हाइकाला लाथ बसली असती. मामांचा हात बघण्यासारखा आहे. अंगठ्याच्या पेराला घट्टा पडलाय, एका हातात पेला, एका हातानं धार, नजर तिसरीकडंच, गप्पा चालूच. रिकाम्या पेल्याच्या बुडाला पहिली धार लागते तेव्हा चर्र आवाज येतो, फेस धरला की आवाज मुका होतो, आणि त्या आवाजावरनं मामांना कळतं पेला कुठवर भरलाय, खाली बघत पण नाहीत. जवळच तालीम आहे, पैलवान पोरं येतात, लिटरवर घेतात, बोलत कमी आणि पितात जास्त. आपण एका पेल्यात गार.

चव? म्हशीचं फॅटचं दूध, फ्रिज नाही, पिशवी नाही, पावडर नाही, पाणी घालायला मधे जागाच नाही. सड ते पेला अंतर वीतभर. पिशवीतलं दूध पिऊन पिऊन ज्यांना दुधाला वास असतो हेच विसरायला झालंय त्यांना पहिला घोट जड जाईल. दुसऱ्यापासून जमतं.

आता तक्रार. पेले एकाच बादलीत बुडवून काढतात आणि गर्दीच्या वेळी ते पाणी किती वेळ बदललेलं नसतं ते मी सांगत नाही, तुम्ही स्वतःचा पेला घेऊन जा, कुणाला राग येत नाही. आणि कच्चं दूध ते कच्चंच. ब्रुसेलोसिस, टीबी असले कच्च्या दुधातनं माणसाला होणारे रोग म्हशीच्या चेहऱ्यावर दिसत नाहीत. लहान पोरं, गरोदर बाई, आजारी किंवा म्हातारं माणूस घरात असेल तर चरवीत घेऊन घरी जावा आणि उकळून द्या, चव थोडी कमी होईल, होऊ दे. मामा स्वतः नातवाला उकळूनच देतात, हे मी विचारून घेतलंय.

गंमत म्हणजे अमेरिकेत हे असं कच्चं दूध पिणं हा सध्या राजकीय विषय झालाय. तिकडं १९८७ पासून एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात कच्चं दूध विकायला बंदी आहे, राज्याच्या आत काही ठिकाणी चालतं काही ठिकाणी नाही. पूर्वी हे लांब केसवाल्या, भांग ओढणाऱ्या, निसर्गाकडं चला म्हणणाऱ्या लोकांचं खूळ होतं, आता तेच खूळ तात्याच्या गोटात गेलंय. त्यांचे आरोग्यमंत्री केनेडी हे कच्च्या दुधाचे मोठे भक्त, आणि लसीवर मात्र त्यांचा विश्वास नाही. ते पण कधी, तर २०२४ च्या मार्चमध्ये तिकडच्या गाईंच्यात बर्ड फ्लू सापडला आणि कच्च्या दुधात त्याचा विषाणू मिळाला त्याच्या पाठोपाठ. आपल्याकडं कच्चं दूध पिणारा डावा का उजवा हे कोण विचारत नाही, फार तर साखर विचारतात.

आता मुख्य भांडण. २०२५ च्या ऑगस्टात आमचा एक फौंड्रीवाला मित्र कट्ट्यावर आला, तोंड पाडून. शिरोली एमआयडीसीत त्याचं युनिट आहे, धातू ओतून कास्टिंग करून, मशीनिंग करून माल परदेशात जातो, थोडा थेट आणि बराचसा दुसऱ्याच्या मार्फत. स्टील आणि ॲल्युमिनियमवर ४ जूनपासूनच ५० टक्के झालं होतं, गाडीच्या पार्टवर मे महिन्यापासून २५ टक्के वेगळंच, त्यात २७ ऑगस्टपासून भारताच्या बाकी बहुतेक मालावर पण ५० टक्के. २ एप्रिलला तात्यानं बागेत उभं राहून तक्ता दाखवला तेव्हा भारतापुढं २६ लिहिलं होतं, मग ते थांबवलं, मग ७ ऑगस्टपासून २५, मग रशियाचं तेल घेता म्हणून दंडाचे अजून २५. गड्यानं पेला हातात घेतला आणि म्हशीकडं बोट दाखवून म्हणाला, 'ह्या बाईसाहेबांच्यापायी माझा माल अडकलाय.'

मामांनी धार थांबवली. म्हणाले, 'माझी म्हस पंचगंगेच्या पल्याड गेली न्हाई कधी, तिनं काय केलं?'

हसण्यावारी गेलं, पण त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. अमेरिकेला वर्षानुवर्षं आपलं दूध मार्केट पाहिजे आणि आपण ते देत नाही. चीजवर ३०, लोण्यावर ४०, दूध पावडरीवर ६० टक्के ड्युटी लावलीय, आणि त्याच्यावर अजून एक अट की ज्या गाईचं दूध आहे तिला जनावराचं रक्त-मांस, हाड असलं खाद्य घातलेलं नाही असा दाखला द्या. तिकडं खाद्यात असले घटक चालतात, दाखला ते देत नाहीत, म्हणून पावडर येत नाही. अमेरिकेचं सरकार दर वर्षी व्यापारातल्या अडथळ्यांची जी यादी काढतं तिच्यात हा दाखला असतो. आणि हे आत्ताचं नाही. २०१९ च्या जूनमध्ये तात्यानं पहिल्या टर्मला भारताची जीएसपीची सवलत काढली, ज्याच्यात आपला बराच माल बिनड्युटीचा जायचा, त्याआधी जी चौकशी लावली तिला कारण ठरलेल्या तक्रारी कुणाच्या होत्या? एक वैद्यकीय उपकरणं करणाऱ्या कंपन्यांची आणि एक अमेरिकेच्या डेअरी लॉबीची. म्हणजे फौंड्रीवाल्याच्या ताटातला घास दुधापायी जायची ही पहिली वेळ नाही. २०२५ च्या ७ ऑगस्टला दिल्लीत हरितक्रांतीवाले शास्त्रज्ञ स्वामीनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत मोदी बोलले की शेतकरी, दूधवाले आणि मच्छीमार यांच्या हितात तडजोड नाही, वैयक्तिक किंमत मोजावी लागली तरी मोजीन. मित्र म्हणाला, 'किंमत मी मोजतोय की.'

इथं मला जे म्हणायचंय ते असं, की अमेरिकेला दूध विकायचंय असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर तिकडचा टोपी घातलेला, ट्रॅक्टरवर बसलेला शेतकरी येतो आणि वाटतं बिचारा तो पण आपल्यासारखाच. तो माणूस आता फारसा उरलेलाच नाही राव. वर्षाला दहा कोटी टनाच्या वर दूध निघतं त्या देशात आणि लायसन्स असलेले गोठे उरलेत पंचवीस हजाराच्या आत. निम्म्याहून जास्त गाई हजार हजारच्या वरच्या गोठ्यांत. आपल्याकडं २४ कोटी टनाच्या आसपास दूध, जगात पहिला नंबर, आणि ते काढणारी कुटुंबं आठ कोटी, कुणाच्या दारात दोन म्हशी कुणाच्या दारात एक. तिकडचे एक माजी कृषिमंत्री, तात्याच्याच पहिल्या सरकारातले, सनी पर्ड्यू, २०१९ ला विस्कॉन्सिनला गेले होते, म्हणजे दुधाच्या पंढरीत, आणि तिथं लहान गोठेवाल्यांच्या तोंडावर सांगून आले की अमेरिकेत मोठे अजून मोठे होतात आणि लहान बाहेर पडतात. मंत्री बोलला हे. आपल्याकडं असं बोलून मंत्री गावाबाहेर धड आला नसता.

आणि मोठे म्हणजे कोण, तर २०१८ ला वॉलमार्टनं, म्हणजे तिकडच्या बड्या दुकानसाखळीनं, इंडियाना राज्यात फोर्ट वेनला स्वतःचा दुधाचा प्लांट टाकला. आधी ते दूध डीन फूड्स नावाची कंपनी पुरवायची, अमेरिकेतली सगळ्यात मोठी दूधवाली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात डीन दिवाळखोरीत. खरं तर लोकांचं दूध पिणं पण कमी झालेलं, सगळं पाप वॉलमार्टच्या माथ्यावर मारत नाही मी, पण गिऱ्हाइकच उठून प्रतिस्पर्धी झालं तर अशी कंपनी उभी राहत नाही, मग तिला दूध घालणाऱ्या गोठ्यांचं काय झालं असेल. ऐंशी-नव्वदच्या दशकात गाईला इंजेक्शन देऊन दूध वाढवायचा हार्मोन मोन्सँटो कंपनीनं काढला, १९९३ ला त्याला मंजुरी मिळाली. दूध आधीच जास्त होतं, भाव पडलेले, त्यात अजून दूध. युरोप आणि कॅनडानं ते इंजेक्शन घेतलंच नाही. आणि त्या मोठ्या गोठ्यांत धारा कोण काढतं, तर मेक्सिको आणि खालच्या देशांतनं आलेली माणसं, मजुरांत निम्मे तेच. त्यांच्याच मागं २०२५ ला तात्याचे लोक हात धुऊन लागले. गोठेवाले तात्याला मत देणारे आणि गोठ्यातला गडी तात्याला नको असलेला, मग आता म्हण की 'अमेरिका फर्स्ट', धार कोण काढणार?

कॅनडा शेजारी आहे, दोस्त आहे, त्यांनी पण दुधाचं दार घट्ट लावून घेतलंय. कोट्याच्या वर माल आला की दोनशे टक्क्यांच्या वर ड्युटी. तात्या त्यांच्यावर पण कायम डाफरतो, तर त्यांनी २०२५ च्या जूनमध्ये कायदाच करून टाकला की व्यापार करारात यापुढं दुधाच्या कोट्याला हात लावायचा नाही. म्हणजे आपण काय जगावेगळं करत नाही.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'ते ठीक आहे, पण माझ्या मालानं काय घोडं मारलंय?' आणि याला उत्तर देताना मला ६ ऑगस्टची तारीख आठवली. ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या दिवशी तात्यानं भारतावर जादाच्या २५ टक्क्यांचा आदेश सही केला. आणि त्याच दिवशी, त्याच ऑफिसात, ॲपलचे टिम कुक गेले आणि तात्याच्या टेबलावर काचेची एक तबकडी ठेवली जिचा पाया २४ कॅरेट सोन्याचा, वर अमेरिकेत अजून १०० अब्ज डॉलर घालतो म्हणून सांगितलं. आयफोन भारतातनं जातात आता, तमिळनाडू-कर्नाटकातनं, आणि त्यांना ५० टक्के लागले नाहीत, स्मार्टफोन यादीतनं बाहेरच. इचलकरंजीच्या कापडाला लागले. कोळंबीला लागले. गालिच्याला लागले. रशियाच्या तेलाचा राग असता तर तो आयफोनवर पण निघायला पाहिजे होता, त्यातला कामगार पण भारतातलंच पेट्रोल टाकून कारखान्यावर जातो की.

यावर कट्ट्यावर एकजण जे बोलला ते मला लई आवडलं. म्हणाला, हुपरीला ऑर्डर द्यायला पाहिजे होती, आमच्या चांदीवाल्यांनी ह्या मापाची चांदीची म्हस करून दिली असती, वर रेडकू फुकट, मग लावतोय का बघू फौंड्रीवर टॅरिफ.

हसलो सगळे, पण तिकडं धंदा असाच चाललाय हे कळायला चांदी लागत नाही. २०१० साली त्यांच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की कंपन्यांनी निवडणुकीत प्रचारावर स्वतंत्रपणे खर्च करणं म्हणजे भाषणस्वातंत्र्य, त्याला मर्यादा घालता येत नाही. त्यानंतर जे दार उघडलं त्यातनं २०२४ ला एकट्या मस्कनं २५ कोटी डॉलरहून जास्त तात्याच्या आणि त्याच्या पक्षाच्या मागं घातले आणि निवडून आल्यावर सरकारी खर्चावर कात्री चालवायला तोच बसला. २०२५ च्या जानेवारीत शपथविधीला पुढं कोण होतं बघा फोटोत, मस्क, बेझोस, झुकरबर्ग, पिचाई. मंत्री त्यांच्या मागं. आपल्याकडं कुठल्या सहकारी निवडणुकीला मतदार सहलीला जातात म्हणून आपण लाजतो, तिकडं मालकच सहलीला येऊन पहिल्या रांगेत बसतात आणि ते टीव्हीवर लाइव्ह दाखवतात. बरं, तात्या गरिबाचा कैवारी म्हणून निवडून आला. आणि अधनंमधनं तो तसं बोलतो पण. २०२५ च्या नोव्हेंबरात गोमांस महाग झाल्यावर म्हणाला मांसवाल्या कंपन्यांची चौकशी करा, आणि ते बरोबरच आहे, चार कंपन्यांच्या हातात ८५ टक्क्यांच्या आसपास धंदा आहे. पण चौकशीचा हुकूम एका हातानं आणि दुसऱ्या हातात सोन्याच्या पायाची तबकडी, मग कुणी कशावर विश्वास ठेवायचा.

तिकडच्या शेतकऱ्याचं पण काय भलं झालं ते बघू. पहिल्या टर्मला चीनशी भांडण काढलं, चीननं सोयाबीन घ्यायचं थांबवलं, मग सरकारनं शेतकऱ्यांना भरपाई म्हणून २८ अब्ज डॉलर जाहीर केले. २०२५ ला तेच परत. चीननं महिनोन् महिने अमेरिकेचं सोयाबीन घेतलं नाही, आणि डिसेंबरात १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. आधी दात पाडायचे मग कवळीला अनुदान द्यायचं. आणि हेच लोक जागतिक व्यापार संघटनेत आपल्या हमीभावावर बोट ठेवतात की हे सबसिडी देतात म्हणून बाजार बिघडतो.

आता आपलं पण सांगतो, एका बाजूचंच लिहिलं तर मामा वाचून दाखवायला सांगतात तेव्हा अवघड होतं. आपलं सरकार दुधाला उभं राहिलं, छान. कापसाला? २०२५ च्या १९ ऑगस्टला परदेशी कापसावरची ११ टक्के ड्युटी काढली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. इचलकरंजीच्या सूतवाल्यांना बरं वाटलं, आणि अमेरिकेच्या कापूसवाल्यांना लई बरं वाटलं. विदर्भातला कापूस नेमका याच मुदतीत वेचणीला येतो. दूधवाला आठ कोटी घरांत आहे आणि रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीवर एकमेकाला भेटतो, म्हणून त्याच्या दाराला कुलूप पक्कं. कापूसवाला वर्षातनं एकदा बाजाराला येतो. एवढाच फरक. आणि ते स्वदेशीचे मेसेज, अमेरिकेच्या मालावर बहिष्कार टाका, कोला सोडा पन्हं प्या, हे सगळं येतं कशावर, व्हॉट्सॲपवर.

मामांना या सगळ्यात काय वाटतं हे विचारलं तर ते सरकी पेंडीच्या भावावर येतात. अमेरिकेचं चीज आलं न् आलं त्यांना फरक पडणार नाही असं ते म्हणतात आणि मला ते पटतं, सडातनं पेल्यात विकणाऱ्याला कुठल्या पावडरीची भीती. भीती आहे ती डेअरीला दूध घालणाऱ्याला, पन्हाळ्याकडच्या, भुदरगडच्या बाईला, जिचा महिन्याचा किराणा दुधाच्या बिलावर आहे. स्वस्त पावडर आली की खरेदीचा दर पडतो, पहिला तिचा पडतो. मामांचं दुखणं वेगळंच. वैरण महाग, शहरात गोठ्याला जागा नाही, शेजाऱ्यांना शेणाचा वास नको आणि दिवाळीत पाडव्याला सजवलेल्या म्हशी पळवायच्या बघायला मात्र सगळे गच्चीवर.

आणि हे मला नंतर एकदा कळलं, म्हणजे मित्र असाच येऊन निघून गेल्यावर. मामांचा थोरला पोरगा एमआयडीसीतच आहे, सीएनसी मशीनवर. बाहेर जाणारा मालच करतो. सप्टेंबरपासून त्याचा ओव्हरटाइम बंद, तिसरी शिफ्ट बंद. ओव्हरटाइमवर त्याच्या गाडीचा हप्ता होता. म्हणजे एकाच घरात बापाच्या दुधाला सरकारनं वाचवलं आणि पोराच्या ओव्हरटाइमला तात्यानं खाल्लं. मामांना म्हटलं, मग मघाशी का बोलला नाही त्याला, त्याच्यापुढं तुमची पण बाजू निघाली असती. तर म्हणाले, 'गिऱ्हाइकाला आपलं रडगाणं सांगितलं तर दूध गोड लागत न्हाई त्याला.' आणि पुढच्याचा पेला घेतला.

२०२५ च्या ५ नोव्हेंबरला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली की १९७७ चा एक आणीबाणीचा कायदा वापरून राष्ट्राध्यक्षाला जगावर असं टॅरिफ लावता येतं का. खालच्या कोर्टांनी नाही म्हणून सांगितलं होतं. डिसेंबर आला तरी मोठ्या कोर्टाचा निकाल लागायचा होता. मित्राचा रोज मोबाइलवर तेवढाच एक शोध चालू असायचा. पण विरोधात गेला तरी स्टीलचा आणि गाडीच्या पार्टचा टॅरिफ वेगळ्या कायद्यानं लावलाय, तो तिथंच राहणार, हे मी त्याला सांगितलं आणि त्या दिवशी त्याचं दूध अर्धंच राहिलं. ते पैलवानानं प्यायलं.

रेटिंगचं बघा. दुधाला पाच. मामांच्या हाताला पाच. स्वच्छतेला अडीच, ते पण मामा पेल्याच्या बादलीत हात धुत नाहीत म्हणून, कासेला वेगळी बादली आहे. पार्किंगला शून्य, चारचाकी घेऊन आलात तर लांब लावून चालत या, गंगावेशीत संध्याकाळी कार घालणाऱ्याला म्हस पण बाजूला सरकत नाही. सरासरी काढली तर साडेचार येत नाहीत हे मला माहितीय. वेळ दिवेलागणीनंतरची धरा, लई उशीर केला तर म्हशी परत गोठ्याकडं निघालेल्या असतात. केशर, बदाम, मसाला असलं मागू नका, त्याला गाड्या आहेत वेगळ्या.

पैशाचं एक. कट्ट्यावर आता क्यूआर चिकटवलाय, पोरानं. आणि मला एकदा तिथं उभं असतानाच लक्षात आलं की सड आणि पेला यांच्या मधे कुठली कंपनी घुसली नाही, पण पेला आणि खिसा यांच्या मधे बरोबर घुसलीय. फोनपे वॉलमार्टचं, २०१८ ला फ्लिपकार्ट घेतलं त्याच्याबरोबर आलेलं, ज्या वर्षी तिकडं दुधाचा प्लांट टाकला त्याच वर्षी. गुगल पे गुगलचं. यूपीआय आपलं, रस्ता आपला, पण त्यावरनं धावणाऱ्या व्यवहारांतले शंभरातले ऐंशी या दोघांच्या गाडीत. कुणा एकानं ३० टक्क्यांच्या वर जायचं नाही असा नियम करून ठेवलाय आणि त्याची मुदत सारखी पुढं ढकलतायत, आता २०२६ च्या डिसेंबरअखेरपर्यंत. मित्राला सांगितलं तर म्हणाला, लाव की ५० टक्के टॅरिफ त्याच्यावर.

तर सुट्टे घेऊन जा. स्वदेशीसाठी म्हणत नाही. क्यूआर पोराच्या खात्याचा आहे, पैसे आले का नाही ते मामांना कळत नाही, स्पीकरचं मशीन लावलं होतं ते दर वेळी ओरडलं की म्हस पान्हा चोरायला लागली म्हणून काढून टाकलं, आता मामा सूनबाईला फोन लावून विचारतात, आणि ती उचलेपर्यंत मागची लाइन खोळंबते.